मोजदाद

बुधारी कोवेचे पुडे मी कधी मोजत नसे.
फडमुन्शी आहे मी, सोळा हंगामांचा.
तेंदूची पानं आणणारी माणसं तोंडाने नाही, पुड्यांनी ओळखतो:
कोणी आत फाटकं पान दडवतं,
कोणी अडुसष्टावरच वाक आवळून देवाचं नाव घेतं.
हिचे सत्तर म्हणजे सत्तर.
पस्तीस या तोंडाची, पस्तीस त्या,
मध्ये गप्पा, मध्ये लेकराचं नाक पुसणं,
आणि बोटं आपली त्यांच्या वाटेने
सत्तराच्या उंबऱ्यावर येऊन थांबत.

अकरा मे. दुपार.
टेकडीमागून ढग आला, एकटाच,
चुकलेल्या हल्यासारखा.
चार थेंब, तेही मोजता येतील असे.
ती बेहड्याखाली उभी नव्हती, हे लिहून ठेवलं पाहिजे;
लोक म्हणतात झाडाखाली होती, म्हणून.
झाडापासून वीस पावलं, डोक्यावर गठुडं,
पाय मोकळ्या मातीवर.
वीज बेहड्यावर पडली
आणि जमिनीतून चालत तिच्यापर्यंत गेली.

दोन तास पाय नव्हते तिला.
म्हणजे होते: निळे, थंड,
आणि ती त्यांच्याकडे अशी बघत होती
जसे शेजारणीने ठेवायला दिलेत.
मग पाय आले. चालत घरी गेली.
सगळे म्हणाले, वाचली.
मीही म्हणालो, आणि तिच्या नावावर त्या दिवशीचे पुडे मांडले.

पाठीवर नक्षी उठली होती, नणंद सांगते,
पानाच्या शिरांसारखी, लाल.
तलाठी तिसऱ्या दिवशी आला
तोवर पाठ कोरी.
"जळालं कुठे?"
गडचिरोलीला मेंदूचा फोटो काढला: साफ.
"फोटोत वायर दिसते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
"वायरीतून काय वाहतंय ते नाही दिसत."
त्या एकट्याच खरं बोलल्या.
खऱ्यासाठी अर्जात रकाना नव्हता.

पुढच्या हंगामात ती फडीवर आली.
पहिला पुडा उचलला आणि हातालाच कळलं.
मोजला: त्रेचाळीस.
दुसरा: एक्क्याण्णव.
तिसऱ्यात बरोबर सत्तर; त्याचंच जास्त भय वाटलं.

"सत्तर मले ठाऊक हाये, मुन्शी," ती म्हणाली,
"पर थो वाटंतच उतरून जाते."

कानात बारमाही रातकिडे.
झोप नाही.
डाव्या हाताची तीन बोटं परकी:
तव्यावर भाकर आहे की बोट, वासावरून कळतं.
बादलीला म्हणते, ते, पान्याचं.
मुलीला हाक मारायला तोंड उघडते
आणि नाव येईपर्यंत
मुलगीच समोर येऊन उभी असते.
पूर्वी रागावत नसे. आता ताटं फेकते,
मग स्वतःच गोळा करते, एकेक.
कोणी म्हणतं बाहेरचं आहे, कोणी म्हणतं सोंग.
बाहेरच्याला एक कोंबडा देऊन झाला.
सोंगावर उतारा नाही.

ठेकेदाराचा नियम आहे: कमी भरला की पुडा बाद.
जास्त भरला तर काय, त्यावर नियम गप्प.
म्हणून संध्याकाळी, फडी रिकामी झाल्यावर,
एक्क्याण्णवातली एकवीस काढून
मी त्रेचाळिसात घालतो.
चौसष्ट होतात.
सहा पानं कुठून आणायची
हे सोळा हंगामांत शिकलेलो नाही.

काल लांबवर गडगडलं.
सगळ्या बाया छपराखाली धावल्या, कानावर हात.
ती जागची हलली नाही.
मांडीवर पानं, ओठ चालू:
अडतीस, एकोणचाळीस, चाळीस,
चाळीस,
"मुन्शी, चाळीसच्या म्होरं काय रायते?"

मी सांगितलं.
तिने मान हलवली, ओळखीचं कोणी भेटल्यासारखी,
आणि पुन्हा एकपासून सुरू केलं.